दोनशे तेरा

जुन्या ॲपवाल्यांचा मेल आला बुधवारी:
एकतीस तारखेनंतर फुकट बंद.
पैसे भरा, नाहीतर आपला ऐवज घेऊन जा.
ऐवज म्हणजे आमच्या पिंपळखुट्याचे पासवर्ड.
पीकविमा, स्कॉलरशिप, गॅस, निराधार योजना,
दोनशे चौदा.

आधी ते एका लाल वहीत होते,
आर्वीच्या बाजारातली, कापडी पुठ्ठ्याची.
लोक येऊन विचारायचे, "माहा पासवर्ड का होता वो ताई?"
मी मोठ्यानं वाचून दाखवायची
अन् सारी रांग मान हलवायची.
देवाजी मडावींचा होता त्यांच्या गेलेल्या बैलाच्या नावानं,
पुढे एक दोन तीन.
गावात कोणाला ठाऊक नव्हता?
कोणी उघडला नाही.

मग तालुक्याच्या ट्रेनिंगमध्ये
माझ्या भाच्याच्या वयाचा एक पोरगा म्हणाला,
वही म्हणजे उघडं दार, मॅडम.
त्या रात्री मला पहिल्यांदा
वही उशाखाली घ्यावीशी वाटली.

आता नवं कोणतं घ्यावं, तीन रात्री तेच पाहिलं.
एक फक्त याच मशीनमध्ये राहतं,
अन् या मशीननं मागच्या मे महिन्यात
सेहेचाळीस डिग्रीला मान टाकली होती.
एक ढगात राहतं; आमचं नेट लाइनीसोबत जातं.
एकात मराठी नावांचे नुसते चौकोन.
चौथं घेतलं.
का, ते नीट सांगता येणार नाही.
माठ घेताना आपण वाजवून पाहतो, तसं.

'निर्यात करा' दाबलं
अन् एक साधी फाइल येऊन पडली,
कुलूप नाही, कडी नाही,
सारं गाव ओळीनं उभं, अंगावर चिंधी नसलेलं.
मी उठून दार लावून घेतलं.
तेवढ्यात लाइन गेली.

खोलीत तेवढा पडदा उजेडाचा.
मुलींची नावं, जन्मसालं,
एका जावेनं दुसरीला दिलेली शिवी,
जयभीम आणि चौदा,
दहावीत तीनदा बसलेल्या पोराचा 'पासहोईन'.
वाचायचं नाही असं ठरवलं होतं.
वाचलं.

पहाटे लाइन आली. नव्यात सगळं ओतलं,
फाइल पुसली, कचराटोपलीसुद्धा रिकामी केली,
जुनं खातं मिटवलं,
मग हिरव्या अक्षरांकडे लक्ष गेलं:
दोनशे तेरा नोंदी यशस्वी.

वहीवर बोट ठेवून मोजत गेले
तेव्हा उमजलं. शेवंता किसन उईके.
एक टोलीवरची, एक शाळेमागची.
नाव एक, नवऱ्याचं नाव एक,
मशीननं दोघींची एक केली
अन् ठेवली ती कोणती,
तर पोळ्याच्या आदल्या दिवशी वारली ती.

सोमवारी जिवंत शेवंता आली. सांगावं लागलं.
पोट धरून हसली.
"म्हंजे मीच मेली म्हन नं!"
मग म्हणाली, "आंगठा घे."
अंगठा कुठला वाचतो?
बोंडं वेचून वेचून रेषा घासल्या होत्या.
चारदा पदराला पुसला, चारदा लाल दिवा.

बरं, नवाच टाकू, म्हटलं,
सांगा एक शब्द, फक्त तुम्हालाच माहीत असलेला.
तिनं रांगेकडे पाहिलं,
टेबलावरून वाकली,
तंबाखूच्या वासासकट कानात सांगितला.
"कोणाले सांगू नोको वो बाई.
चाळीस वर्सांत आज तोंडातून काहाडला."
तीन अक्षरी होता.
किसन नव्हता.

मी टाइप केलं. पट्टी लाल झाली: कमकुवत.
सहज ओळखता येईल असा, असंही लिहून आलं.
मी 'तरीही ठेवा' दाबलं
अन् पुढच्याला म्हटलं, बसा.